पशुवैद्यक गावात टिकावा म्हणून : वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात जनावरांच्या आजारांपेक्षा जनावरांच्या डॉक्टरांविषयीची पत्रं जास्त आहेत. सिन्नर-निफाडच्या संकरित गाई, इगतपुरी-त्र्यंबकची डांगी जनावरं, येवला-नांदगावच्या शेळ्यामेंढ्या आणि नाशिक शहरातली कुत्रीमांजरं यांचा भार ज्यांच्यावर आहे, ती माणसं संख्येनं कमी आहेत आणि थकलेली आहेत. त्यातल्या काही पत्रांना इथे उत्तरं देत आहोत. पत्रं थोडक्यात घेतली आहेत, नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : गावात जनावरांचा सरकारी दवाखाना (श्रेणी-२) आहे. डॉक्टरांकडे आणखी दोन दवाखान्यांचा कार्यभार. फोन केला की ‘उद्या येतो’ म्हणतात. गावात एक जण मोटारसायकलवर औषधांची पिशवी घेऊन फिरतो, तो पंधरा मिनिटांत हजर होतो आणि पैसेही कमी घेतो. मग डॉक्टरांची वाट का बघायची?
(दूध उत्पादक, सिन्नर तालुका)

उत्तर : तुमची अडचण खरी आहे. पाच हजार पशुघटकांमागे (गाय-म्हैस एक घटक, शेळ्यामेंढ्या अनेक मिळून एक) एक पशुवैद्यक असावा, असं राष्ट्रीय कृषी आयोगानं १९७६ मध्येच सुचवलं होतं. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे ३.३ कोटी पशुधन मोजलं गेलं. त्यात एखादं पद रिकामं झालं की शेजारच्या डॉक्टरांवर अतिरिक्त कार्यभार येतो. ‘उद्या येतो’ म्हणणारे डॉक्टर बहुतेक वेळा दुसऱ्या गावात कोणाच्या तरी गोठ्यात उभे असतात.

तरीही पिशवीवाल्याला बोलावू नका. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ च्या कलम ३० नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेले पर्यवेक्षक लसीकरण, मलमपट्टी, कृत्रिम रेतन अशा किरकोळ सेवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली देऊ शकतात. चांगला पर्यवेक्षक हा गावाचा मोठा आधार असतो. त्याला आणि काहीही न शिकता सुया टोचणाऱ्याला एका पारड्यात टाकू नका.

नुकसान कसं होतं ते पाहा. ताप किंवा सूज दिसली की पिशवीतून हमखास स्टेरॉइड निघतं. गाय तासाभरात तरतरीत दिसते, पण गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत असेल तर गाभडू शकते. गाय अडली की ऑक्सिटोसिन टोचलं जातं. गर्भाशयाचं तोंड उघडलेलं नसेल किंवा वासरू आडवं असेल तर त्या कळांनी गर्भाशय फाटू शकतं. व्यायल्यावर पहिल्या तीन दिवसांत गाय आडवी पडली तर तिला बहुधा कॅल्शियम लागतं हे बरोबर आहे. पण ४५० मिलीची बाटली शिरेतून सावकाश, दहा-पंधरा मिनिटं घेऊन, हृदयाचे ठोके ऐकत सोडायची असते. घाईनं सोडली तर हृदय बंद पडतं. मग ‘दुखणंच भारी होतं’ असं म्हणून सगळे घरी जातात.

डॉक्टर लवकर मिळावेत म्हणून तुमच्या हातात काय आहे? १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मागणी नोंदवता येते. पथकात एक पशुवैद्यक, एक सहायक आणि चालक असतो. केंद्राच्या योजनेचा हिशोब साधारण एक लाख जनावरांमागे एक वाहन असा आहे, म्हणजे तिथेही रांग असणारच. म्हणून फोनवर ‘गाय खात नाही, लवकर या’ एवढंच सांगू नका. वय, वेत, व्यायली कधी किंवा गाभण किती महिन्यांची, कालचं आणि आजचं दूध, शेण-लघवी कशी, रवंथ करते का, आधी कोणी काही औषध दिलं का, कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक आणि ताप, इतकं सांगा. ताप हात लावून कळत नाही. डिजिटल थर्मामीटर गुदद्वारात घालून आतल्या भिंतीला टेकवून धरा. शेणात रुतला तर आकडा चुकतो. गाईचं तापमान साधारण १०१.५ अंश फॅरनहाइट असतं, शेळीचं १०२.५ च्या आसपास. १०३ च्या पुढे गाय गेली तर तसं सांगा. ९९ असेल तर आणखी घाईनं सांगा, कारण अंग गार पडलेलं जनावर जास्त धोक्यात असतं.

काय थांबू शकतं आणि काय नाही, हेही घरात सगळ्यांना ठाऊक हवं. डाव्या कुशीची ताणलेली पोटफुगी, पाण्याची पिशवी फुटून दोन तास झाले तरी न सुटलेली गाय, व्यायल्यानंतर आडवी पडलेली गाय, कोवळी ज्वारी खाऊन लागलेली किरळ (ज्वारीतल्या सायनाइडची विषबाधा) आणि फवारणीच्या औषधाची विषबाधा यांत मिनिटं मोजायची असतात. वार (व्यायल्यावर पडणारा जार) बारा तासांत पडली नाही, पण गाय खातेपिते आणि ताप नाही, तर सकाळपर्यंत थांबता येतं. मात्र वार ओढायची नाही आणि तिला दगड बांधायचा नाही. उलटणारी (गाभण न राहता पुन्हा माजावर येणारी) गाय, गोचीड, खरूज यांसाठी रात्री अकराला फोन करू नका. त्या फोनमुळे दुसऱ्या गावातली अडलेली गाय मागे पडते.

प्रश्न : दवाखान्याला नवी इमारत बांधायला निधी नाही. ग्रामपंचायतीनं आणखी काय करावं?
(ग्रामपंचायत सदस्य, इगतपुरी तालुका)

उत्तर : इमारत नंतर होईल, आधी खोडा नीट करा. जनावर नीट अडकवलेलं नसेल तर डॉक्टरांचा निम्मा वेळ आणि बरगड्या त्यातच जातात. गर्भतपासणी, शिरेतली सलाईन, कानाचा बिल्ला, खूर कापणं ही सगळी कामं खोड्यातच सुरक्षित होतात.

खोडा साधारण सहा फूट लांब आणि आतून सव्वादोन ते अडीच फूट रुंद ठेवा. जास्त रुंद केला तर जनावर आत वळतं आणि पाय अडकवून घेतं. खांबांना तीन इंची जीआय पाइप वापरा आणि तो किमान दोन फूट काँक्रीटमध्ये गाडा. पुढच्या बाजूला मान अडकवायला उभ्या दोन दांड्या लागतात, त्यातली एक सरकणारी हवी. डांगी जनावरांची शिंगं लक्षात घेऊन ती फट वर रुंद ठेवा. मागची आडवी दांडी बाहेरून निघणारी हवी, कारण डॉक्टर तिथेच उभे असतात. सर्वांत जास्त चूक होते ती बाजूच्या दांड्यांत. त्या सगळ्या वेल्डिंग करून पक्क्या केल्या जातात, आणि जनावर आत कोसळलं की बाहेर काढायला गॅस कटर शोधावा लागतो. एका बाजूच्या दांड्या खिट्टीवर निघतील अशा करा. इगतपुरीच्या पावसात गुळगुळीत कोबा घसरगुंडी होतो. खाली खडबडीत फरशी आणि मागच्या बाजूला उतार द्या, वर पत्रा घाला. जवळ पाण्याचा नळ आणि एक दिवा ठेवा. एवढं झालं तर एका सकाळीत कितीतरी जास्त जनावरं तपासून होतात.

दुसरी गोष्ट स्वच्छतागृह. पशुवैद्यकीय सेवेत आता अनेक महिला डॉक्टर आहेत आणि दिवसभर चार-पाच गावं फिरताना त्यांना कुठेही सोय नसते. दवाखान्याच्या आवारात पाणी असलेलं, कडी लागणारं स्वच्छतागृह द्या. नेमणूक झालेली व्यक्ती गावात रमते की महिन्याभरात बदलीचा अर्ज देते, यात अशा सोयीचा वाटा असतो.

लसीकरणाच्या दिवशी दवंडी आदल्या संध्याकाळी द्या आणि वेळ जनावरं चरायला जायच्या आधीची ठेवा. घरनिहाय जनावरांची यादी ग्रामपंचायतीनं आधीच तयार ठेवली तर कोणता गोठा राहिला ते तिथल्या तिथे कळतं. वापरलेल्या सुया उकिरड्यावर जाऊ नयेत म्हणून जाड प्लास्टिकचा झाकणाचा डबा द्या आणि तो भरल्यावर कुठे जाणार ते डॉक्टरांशी ठरवून ठेवा.

आणखी एक जबाबदारी कायद्यानंच आली आहे. जनावरांतील सांसर्गिक रोगांच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे अशा रोगाची शंका आली की मालकानं गावातल्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवायचं, आजारी जनावर वेगळं बांधायचं, आणि ग्रामपंचायतीनं ते जवळच्या पशुवैद्यकाला लेखी कळवायचं असतं. लम्पीच्या वेळी २०२२ मध्ये ज्या गोठ्यांनी पहिली गाठ दिसताच कळवलं त्यांनी शेजारच्यांचंही भलं केलं. बाजार बंद होईल या भीतीनं लपवलेला आजार माश्या, डास आणि गोचीड पुढच्या वस्तीवर नेतातच.

प्रश्न : लस देऊनही शेळ्या मेल्या. मग लसीकरणाला काय अर्थ?
(शेळीपालक, येवला तालुका)

उत्तर : कोणती लस, कधी आणि कशी ठेवलेली, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय लसीला दोष देता येत नाही. पीपीआर हा विषाणूचा आजार, आंत्रविषार आतड्यातल्या जंतूंच्या विषाचा, म्हणून पीपीआरची लस आंत्रविषार थांबवत नाही. आंत्रविषाराची लस पहिल्यांदा देताना दोन ते तीन आठवड्यांच्या अंतरानं दोन मात्रा लागतात आणि त्या पावसाळी कोवळं गवत येण्याआधी व्हाव्या लागतात. एकच मात्रा देऊन शेळी हिरव्यावर सोडली तर संरक्षण अपुरं राहतं. जंतांनी पोखरलेल्या किंवा तापात असलेल्या शेळीत लस नीट लागू पडत नाही.

राहिली साठवण. बहुतेक लसी २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. लाळ्या-खुरकुताची तेलमिश्रित लस चुकून गोठली तर ती फुटते आणि निकामी होते. फ्रीजच्या दारातली जागा सर्वांत वाईट, कारण दार उघडलं की तिथलं तापमान चढतं. पीपीआरसारखी भुकटीच्या रूपातली लस थंड द्रावणात मिसळल्यावर बर्फावर ठेवून दोन तासांत संपवावी लागते. दोन मेंढवाडे दूर दूर असतील तर एकच बाटली दोन्हीकडे पुरवण्याचा आग्रह पर्यवेक्षकांना करू नका. ‘उरलेली उद्या द्या’ तर अजिबात म्हणू नका. येवल्यात उन्हाळ्यात वीज गेली तर दवाखान्यातल्या साध्या फ्रीजचं काय होतं हे विचारायला गावकऱ्यांनी एकदा जरूर जावं. इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर आणि एक थर्मामीटर एवढ्यावर शेकडो मात्रा वाचतात आणि हा खर्च दूध संस्था किंवा ग्रामपंचायत सहज करू शकते.

प्रश्न : संस्थेत रोज दोन हजार लिटर दूध येतं. एका खासगी पशुवैद्यकाशी करार करायचा विचार आहे. सभासद म्हणतात, इंजेक्शन दिलं तर पैसे देऊ, नुसतं बघून गेले तर कशाचे पैसे?
(दूध संस्थेचे सचिव, निफाड तालुका)

उत्तर : खेड्यातलं पशुवैद्यक अडतं ते सभासदांच्या या शेवटच्या वाक्यावर. तपासणीचे पैसे मिळत नाहीत म्हणून डॉक्टरांचं पोट औषधांवर चालतं. औषधांवर पोट चाललं की सुया वाढतात, आणि सुया वाढल्या की शेतकऱ्याचा खर्च, दुधातले अंश आणि औषधांना दाद न देणारे जंतू हे तिन्ही वाढतात. डॉक्टरांच्या डोक्याचे पैसे द्या, सुईचे नकोत.

तुमच्याच तालुक्यातलं उदाहरण घ्या. गाईची लघवी कॉफीसारखी काळपट-लाल झाली. हा गोचिडांमुळे होणारा बबेसियोसिस असू शकतो. व्यायल्यावर दोन-चार आठवड्यांत भरपूर दूध देणाऱ्या गाईत फॉस्फरस कमी पडल्यानंही असंच होतं. आणि चाळीतला सडका कांदा दावणीत टाकला असेल तर कांद्यातल्या गंधकयुक्त घटकांनी तांबड्या पेशी फुटूनही लघवी याच रंगाची होते. गाई याला फार हळव्या असतात, शेळ्या त्या मानानं सोसतात. पहिल्यात परजीवीवरचं औषध, दुसऱ्यात फॉस्फरस, तिसऱ्यात आधी कांदा बंद आणि रक्त फार उतरलं असेल तर रक्त चढवणं. डॉक्टर पापणी उलटून बघतात, कानाच्या टोकातून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेतात, गोठ्याच्या कोपऱ्यातला कांद्याचा ढीग बघतात. या पंधरा मिनिटांना काहीच मोल नाही असं म्हटलं तर पुढच्या वेळी ते तिन्ही औषधं एकदम टोचून मोकळे होतील.

कराराचा हिशोब असा मांडता येईल. लिटरमागे २० पैसे कापले तर दोन हजार लिटरला रोजचे ४०० रुपये, महिन्याचे १२,००० रुपये होतात. हे पूर्ण वेळेचं मानधन नाही आणि तसं समजूही नका. एवढ्यात महिन्याचे चार ठरलेले अर्धे दिवस मागा. दोन दिवस गर्भतपासणी आणि उलटणाऱ्या गाईंसाठी, दोन कासदाहाची चाचणी आणि आटवण्याच्या गाईंसाठी. कृत्रिम रेतनानंतर ६० ते ९० दिवसांत गर्भतपासणी झाली तर रिकामी गाय दोन-तीन माज लवकर सापडते. तेवढ्या दिवसांचा चारा वाचला तरी कापलेले पैसे वसूल होतात. तातडीच्या भेटीची फी वेगळी आणि आधीच फलकावर लिहिलेली असू द्या. दिवसाची एक, रात्रीची दुसरी. औषधं चिठ्ठीवर लिहून द्यावीत, ती कुठून घ्यायची हे सभासदानं ठरवावं.

असे करार मोडतात ते दोन कारणांनी. एक, ‘पैसे तर कापतातच’ म्हणून सभासद कशालाही बोलावतात आणि डॉक्टर सहा महिन्यांत पळतात. दुसरं, तातडीच्या भेटीची उधारी. तिच्यावर उपाय संस्थेकडेच आहे. फी दुधाच्या पंधरवडा बिलातून वळती करा म्हणजे डॉक्टरांना दारोदार मागत फिरावं लागणार नाही. करार करण्याआधी महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक बघा.

प्रश्न : कासदाहाच्या उपचारानंतर डॉक्टरांनी चार दिवस दूध ओतून द्यायला सांगितलं. एवढं नुकसान कोण सोसणार? एका सडाचंच दूध बाजूला काढलं तर चालत नाही का?
(शेतकरी, दिंडोरी तालुका)

उत्तर : चालत नाही. औषध कासेतून रक्तात आणि रक्तातून बाकीच्या सडांत उतरतं, म्हणून चारही सडांचं दूध वर्ज्य. किती दिवस ते औषधाच्या लेबलवर असतं. देशाच्या औषध नियमांत २०१२ पासून अशी तरतूद आहे की लेबलवर हा काळ ठरवून दिलेला नसेल तर दूध आणि अंड्यांसाठी किमान ७ दिवस, मांसासाठी किमान २८ दिवस धरायचे. चार दिवस सांगणारे तुमचे डॉक्टर लेबल वाचून सांगत असावेत. तसं लिहून घ्या आणि उपचाराची तारीख दावणीवर खडूनं लिहा, म्हणजे दुसऱ्या वेळेला धार काढणाऱ्यालाही कळेल. असं दूध संकलनात गेलं तर टाकीतल्या सगळ्या दुधाचं विरजण लागत नाही, आणि कोणाच्या तरी लहान मुलाच्या पोटात ते औषध जातं. असं दूध वासरालाही पाजू नका.

नुकसान कमी करायचं असेल तर ते आधी करावं लागतं. धारेनंतर सड आयोडिनच्या द्रावणात बुडवा, गाय अर्धा तास बसू देऊ नका, समोर चारा टाका. कासदाह पुन्हा पुन्हा होत असेल तर औषध बदलत राहण्याआधी दूध प्रयोगशाळेत पाठवा. सड धुऊन कोरडा करा, पहिल्या तीन-चार धारा सोडा, सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, मग ५ ते १० मिली दूध निर्जंतुक बाटलीत आडवी धरून घ्या आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. प्रतिजैविक सुरू करण्याआधीचाच नमुना उपयोगी असतो. नंतरचा नमुना बहुधा काहीच सांगत नाही.

याच पत्रात वेदनाशामकांविषयीही विचारलं आहे. डायक्लोफिनॅकवर जनावरांसाठी २००६ मध्ये बंदी आली, कारण ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक २०२३ मध्ये, निमेसुलाइड २०२४ च्या अखेरीस याच कारणानं बंद झालं. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडं आहेत आणि हरसूलजवळ खोरीपाड्याला त्यांच्यासाठी मेलेली जनावरं ठेवली जातात. तिथे जनावर देणाऱ्यानं शेवटच्या दिवसांत काय टोचलं होतं ते सांगितलंच पाहिजे. मेलोक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे. माणसांच्या दुकानातलं डायक्लोफिनॅक आणून गाईला टोचू नका, कोणी सांगितलं तरी.

प्रश्न : धडधाकट बैल सकाळी मेलेला सापडला. नाकातून आणि गुदद्वारातून काळपट रक्त येत होतं, ते गोठत नव्हतं. विम्यासाठी शवविच्छेदन हवं, पण डॉक्टर करायला तयार नाहीत.
(शेतकरी, मालेगाव तालुका)

उत्तर : डॉक्टर बरोबर आहेत. ही लक्षणं काळपुळीची, म्हणजे अँथ्रॅक्सची आहेत. शव उघडलं की जंतूंना हवा लागते, ते बीजाणू होतात आणि त्या मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. कानाच्या शिरेतल्या रक्ताची काचपट्टी पुरते. तिचा अहवाल आणि डॉक्टरांचा दाखला विमा कंपनीला द्या. कातडं काढू देऊ नका, ओढत नेऊ नका, जागच्या जागी किंवा अगदी जवळ किमान सहा फूट खोल पुरा, वर-खाली कळीचा चुना टाका. शव हाताळलेल्या कोणाला काळा खपला असलेला फोड किंवा ताप आला तर सरकारी दवाखान्यात जाऊन बैलाविषयी आवर्जून सांगा.

प्रश्न : शहरातल्या प्राण्यांच्या दवाखान्यांची फी माणसांच्या डॉक्टरांइतकी झाली आहे. हे योग्य आहे का?
(नाशिक, गंगापूर रोड)

उत्तर : कुत्र्याच्या नसबंदीत भूल, भुलीवर लक्ष ठेवणारं दुसरं माणूस, निर्जंतुक साहित्य, टाके आणि नंतरची देखरेख असते. त्याला सरकारी अनुदान नसतं. फी जास्त वाटत असेल तर आधी अंदाजपत्रक लेखी मागा, त्यात काय धरलंय ते विचारा, आणि पैसे कमी असतील तर तसं स्पष्ट सांगा. चांगले डॉक्टर कोणती तपासणी आज हवी आणि कोणती थांबू शकते ते सांगतात. भूल देण्याआधीची रक्ततपासणी मात्र वाचवू नका, विशेषतः वय झालेल्या कुत्र्याची.

ज्यात काटकसर करायचीच नाही ती रेबीजची लस. पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर पहिली, मग डॉक्टर सांगतील तशी पूरक आणि पुढे दर वर्षी. एखाद्या भागातल्या सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस असली की रेबीजची साखळी तुटते, म्हणून तुमच्या गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लस हे तुमच्याही घरचं काम आहे. सोसायटीनं त्यांची छायाचित्रं आणि लसीच्या तारखा एका वहीत ठेवल्या तर महापालिकेच्या पथकाला कोणतं कुत्रं राहिलं ते शोधत बसावं लागत नाही. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा, हळद-तिखट लावू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा.

प्रश्न : मुलगी बारावीला आहे. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. नातेवाईक म्हणतात, मुलीच्या जातीला हे काम झेपणार नाही.
(पालक, कळवण तालुका)

उत्तर : झेपतं. वासरू वळवायला ताकदीपेक्षा हाताची समज लागते आणि सडपातळ हात अनेकदा आत जास्त सहज फिरतो.

पदवी साडेपाच वर्षांची आहे, त्यात शेवटचं एक वर्ष आंतरवासिता. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं आणि प्रवेश ‘नीट’ परीक्षेच्या गुणांवर होतो. १५ टक्के जागा देशपातळीवरून भरल्या जातात, बाकीच्यांसाठी नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. नीट दिली की आपोआप नाव लागेल असं समजून दरवर्षी काही मुलं हा अर्ज चुकवतात. मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ आणि उदगीर ही जुनी महाविद्यालयं. मुंबईचं तर १८८६ मधलं आहे. या पाचांपैकी उत्तर महाराष्ट्रात एकही नाही, त्यामुळे वसतिगृहाचा खर्च धरूनच चाला.

शिकून झाल्यावर फक्त सरकारी नोकरीकडे बघू नका. दूध संघ, कुक्कुटपालन, लसनिर्मिती, मांस आणि दूध तपासणी, वन्यप्राणी, संशोधन इथेही काम आहे. पण ती कळवणला परत यावी असं वाटत असेल तर त्याची तजवीज गावानं करायची आहे. पहिली दोन वर्षं जागा, ठरलेली फी आणि रात्रीच्या भेटीला सोबत माणूस, एवढं ग्रामपंचायत आणि दूध संस्था मिळून देऊ शकतात. आत्ता सुट्टीत तिला तालुक्याच्या दवाखान्यात आठवडाभर नुसतं बघायला पाठवा. जखमेतल्या अळ्या आणि वारेचा वास सोसून तिला परत जावंसं वाटलं तर मार्ग बरोबर आहे.

प्रश्न : माझे पती ग्रामीण भागात पशुवैद्यक आहेत. बारा वर्षांत एक रात्र पूर्ण झोप नाही. गेल्या वर्षी महिनाभर ताप येत-जात होता, अजून सांधे दुखतात. अलीकडे कोणाशी बोलत नाहीत. काय करू?
(नाशिक जिल्हा)

उत्तर : ताई, आधी ताप. येणारा-जाणारा ताप, रात्रीचा घाम आणि सांधेदुखी असं असलं तर पशुवैद्यकात ब्रुसेलोसिस तपासायलाच हवा. गाभडलेली गाय आणि अडकलेली वार उघड्या हातांनी हाताळल्यानं तो होतो. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना देतात ती ब्रुसेलाची जिवंत लस डोळ्यात उडाली किंवा सुई स्वतःला टोचली तरी होऊ शकतो. फिजिशियनना ‘मी पशुवैद्यक आहे, ब्रुसेलाची रक्ततपासणी करा’ असं स्पष्ट सांगायला लावा, नाहीतर विषमज्वर समजून उपचार होतात. उपचार दोन औषधांचा आणि किमान सहा आठवड्यांचा असतो. दोन आठवड्यांत बरं वाटलं म्हणून सोडला तर ताप उलटतो. पुढे वार आणि गर्भपाताच्या प्रत्येक कामाला खांद्यापर्यंतचे हातमोजे, लस देताना चष्मा, आणि रेबीजची प्रतिबंधक लस घेतलेली असावी.

कोणाशी न बोलणं हे थकव्यापुरतं समजू नका. अनेक देशांतल्या अभ्यासांत पशुवैद्यकांमध्ये आत्महत्येचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळलं आहे. सततचे रात्रीचे फोन, उधारी, आणि ज्याला वाचवता आलं नाही त्या जनावराच्या मालकाचा राग, हे सगळं एकट्यानं पेलावं लागतं. १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तिथे मराठीत बोलता येतं आणि तुम्ही स्वतःही त्यांच्याविषयी बोलू शकता. ‘जगून काय करायचं’ अशी भाषा निघाली तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या आणि घरातली भुलीची व जनावरांना शांत करायची औषधं कुलपात ठेवून किल्ली स्वतःकडे घ्या.

कामाची घडीही बदलायला हवी. शेजारच्या दोन-तीन डॉक्टरांनी मिळून रात्री वाटून घेतल्या तर आठवड्यातून चार-पाच रात्री त्यांना फोन बाजूला ठेवता येतो. ज्याची रात्र असेल त्याचा क्रमांक सगळ्या दवाखान्यांच्या दारावर आणि दूध संकलन केंद्रांवर लावायचा. सुरुवातीला लोक ‘आम्हाला तुम्हीच हवेत’ म्हणतात. तेव्हा फोन तुम्ही उचला आणि दुसऱ्या डॉक्टरांचा क्रमांक द्या. हे वाचणाऱ्या शेतकऱ्यांना आमची विनंती आहे, त्या क्रमांकावरच फोन करा.